पाटीवर लिहिलेलं

यंत्रात काय चाललंय ते दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, आणि खाली त्याच डिस्कचा वाचनाचा वेग सेकंदाला ०.४ एमबी. हे दोन आकडे एकाच वेळी पाहिले तेव्हा मला वाटलं, यातला एक नक्की खोटा असणार. जीव तोडून काम करणारी डिस्क सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा देत नाही, हे कसं? लॅपटॉप सुरू करून चार मिनिटं झाली होती. माउसचा बाण फिरत होता, पण क्लिक केलेलं काहीच उघडत नव्हतं. आतून बारीक खरखर तेवढी ऐकू येत होती.

आकडे दोन्ही खरे होते. ते कळायला मला काही महिने लागले, आणि मधल्या काळात मेमरीला ड्राइव्ह बनवण्याचे घरबसल्या करता येण्यासारखे बहुतेक प्रकार मी करून पाहिले. काही फुकट गेले, काही उपयोगी पडले आणि एकाने माझ्या अख्ख्या दुपारीवर बोळा फिरवला.

माझं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. जुन्या मासिकांची पानं स्कॅन करायची, टेसरॅक्ट या ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या, प्रोग्रॅमकडून त्यातला मजकूर काढून घ्यायचा, त्यातल्या चुका हाताने दुरुस्त करायच्या आणि शब्दन् शब्द एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये भरायचा. पुढे कुठला शब्द कुठल्या पानावर आलाय ते चटकन शोधता यावं, एवढाच हेतू. पानं सहा हजारांच्या आसपास. लॅपटॉपमध्ये विंडोज १०, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबीची, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची.

सुरुवात पेन ड्राइव्हपासून झाली, कारण तो खणात पडलेलाच होता. रेडीबूस्ट नावाची सोय विंडोजमध्ये व्हिस्टाबरोबर, म्हणजे २००७ मध्ये आली. पेन ड्राइव्ह लावायचा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रेडीबूस्टला किती जागा द्यायची ते सांगायचं, की झालं. डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेले जे बारीक तुकडे वारंवार लागतात, त्यांची एक प्रत विंडोज पेन ड्राइव्हवर ठेवते आणि पुढच्या वेळी तिथून उचलते. मोठी सलग फाइल मात्र डिस्कवरूनच वाचते, कारण सलग वाचनात डिस्क पेन ड्राइव्हला सहसा ऐकत नाही. ठेवलेली प्रत दाबून लहान केलेली आणि एन्क्रिप्ट केलेली असते. मूळ डिस्कवर असतंच, त्यामुळे चालू कामात पेन ड्राइव्ह उपटला तरी काही हरवत नाही. हे मला फार आवडलं.

पहिल्या पेन ड्राइव्हला विंडोजने नापास केलं. हे उपकरण या कामाला लागणाऱ्या वेगाचं नाही, असा शेरा. पेन ड्राइव्हचीही परीक्षा होते हे मला तेव्हाच कळलं. व्हिस्टाच्या काळात ४ केबीचे तुकडे वाटेल तिथून वाचताना सेकंदाला किमान २.५ एमबी वेग मिळाला पाहिजे, अशी अट होती. दुसरा पेन ड्राइव्ह पास झाला. मी स्टॉपवॉच घेऊन बसले. आधी चार मिनिटं लागायची, आता साडेतीन. अर्धं मिनिट वाचलं याचा आनंद दोन दिवस टिकला.

भाचा आला होता. त्याने पेन ड्राइव्हचा मिणमिणता दिवा पाहिला आणि म्हणाला, “मावशी, हे म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. तुझ्याकडे रॅमच कमी आहे. ब्राउझरच्या चार खिडक्या उघडल्यास की विंडोज रॅममधलं सामान उचलून डिस्कवर टाकत बसते, मग परत आणते. डिस्क त्यातच दमते.”

“अरे पण हीसुद्धा मेमरीच लावली ना मी?”

“ती साठवणीची मेमरी. ही कामाची.”

आपल्या बोलण्यात हा घोळ कायमचाच आहे. फोनमधली मेमरी फुल झाली म्हणतो तेव्हा आपल्याला साठवणीची जागा म्हणायची असते. संगणकाला मेमरी कमी पडते म्हणतो तेव्हा रॅम. शब्द एकच, आणि वस्तू दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या. मी आपली त्यांची नावं ठेवून टाकली, पाटी आणि वही. पाटीवर झरझर लिहिता येतं, पुसता येतं, पण वीज गेली की ती आपोआप कोरी होते. वहीत लिहायला वेळ लागतो, पण ते राहतं. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) या सगळ्या वह्याच, फक्त हार्ड डिस्कपेक्षा भराभर पानं उलटणाऱ्या.

लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं तर रॅमचा एक खाचा रिकामाच निघाला. इथे एक गोष्ट आधी बघून ठेवावी लागते: डीडीआर३ आणि डीडीआर३एल हे दोन्ही २०४ पिनांचे, दिसायला सारखे, पण पहिला १.५ व्होल्टचा, दुसरा १.३५ चा. ज्या लॅपटॉपला १.३५ च हवा असतो तो १.५ च्या पट्टीवर सहसा सुरूच होत नाही. माझ्या जुन्या पट्टीवरचं लेबल वाचून मी तशीच ८ जीबीची आणली. पट्टी तिरकी धरून खाचेत सरकवायची आणि मग खाली दाबायची, की दोन्ही बाजूंच्या पकडी टक्‌ करून बसतात. माझी एकच पकड बसली होती. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळाच. काळजाचा ठोका चुकला. परत उघडलं, बॅटरी काढली, पट्टी नीट बसवली, आणि दोन ‘टक्‌’ ऐकल्यावरच झाकण लावलं. त्या रात्री मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून झोपले. सकाळी चूक शून्य.

या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा पुढे फक्त एकाच गोष्टीने पडला. ब्राउझर उघडा, स्कॅन उघडा, शब्दकोश उघडा, कुठे अडत नव्हतं. सुरू व्हायला मात्र वेळ तसाच लागत होता, आणि डेटाबेसमध्ये शब्द भरणं तर पूर्वीइतकंच रखडत होतं. पण आता माझ्याकडे १२ जीबी होती, त्यातली निम्मी रिकामी दिसत होती आणि रिकामी जागा दिसली की मला स्वस्थ बसवत नाही.

रॅम डिस्क ही युक्ती चांगली जुनी आहे. १९८४ च्या पीसी-डॉस ३.० या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर व्हीडिस्क नावाचा ड्रायव्हर यायचा. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये त्याच कामाचा रॅमड्राइव्ह होता. अमिगा संगणकांवर तर रॅमचा ड्राइव्ह सुरू केल्यापासून हजरच असायचा. फ्लॉपीच्या काळात याचं केवढं अप्रूप असेल, कल्पना करा: प्रोग्रॅम एकदा रॅममध्ये उतरवला की फ्लॉपी अदलाबदल करण्याचा जाच संपला. रॅमचा एक भाग बाजूला काढायचा आणि ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायचं, ही डिस्क समज. तिला फरक कळत नाही. ती तिथे फोल्डर करते, फाइली ठेवते.

मी इमडिस्क हे फुकट मिळणारं साधन घेतलं, ४ जीबीचा ड्राइव्ह बनवला आणि त्याला ‘पी’ हे अक्षर दिलं, पाटीचा ‘पी’. मग क्रिस्टलडिस्कमार्क हा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवून पाहिला. हार्ड डिस्कवर सलग वाचन सेकंदाला ९० एमबीच्या आसपास, पाटीवर साडेतीन हजार. बारीक तुकड्यांच्या चाचणीत हार्ड डिस्क एक एमबीच्याही खाली आणि पाटी शेकड्यात. मी त्या आकड्यांचा फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याने नुसता अंगठा दाखवला. तेव्हाच शंका यायला हवी होती.

ब्राउझरची कॅश, म्हणजे पुन्हा लागतील म्हणून ठेवलेल्या प्रती, पाटीवर नेली. संध्याकाळभर वापरलं. वेगळं काही जाणवलं नाही. मग शब्दकोशाचा प्रोग्रॅमच तिथे नेऊन ठेवला. उघडायला दीड सेकंद. हार्ड डिस्कवरची जुनी प्रत उघडून पाहिली, तिलाही दीड सेकंद! पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी लॅपटॉप बंद करून सुरू केला आणि आधी हार्ड डिस्कवरची प्रत उघडली: तेरा सेकंद. बंद करून लगेच परत उघडली: दीड.

म्हणजे दुसऱ्यांदा उघडताना हार्ड डिस्कचा काही संबंधच येत नव्हता. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘कॅश्ड’ म्हणून एक आकडा असतो. मी तो इतके दिवस पाहून न पाहिल्यासारखा करत होते. जी रॅम मला रिकामी वाटत होती ती रिकामी नव्हतीच. विंडोज डिस्कवरून जे जे वाचते त्याची प्रत उरलेल्या रॅममध्ये ठेवून देते, आणि कुठल्या प्रोग्रॅमला जागा लागली की तेवढी पुसून देते. लिनक्सही हेच करतं, मॅकही. मी हाताने जी पाटी बनवली होती तशी पाटी यंत्राने माझ्या आधीच बनवून ठेवलेली होती. आणि त्याची पाटी माझ्यापेक्षा शहाणी होती: तिचा आकार गरजेप्रमाणे वाढत-घटत होता आणि त्यावर काय ठेवायचं हे ती वापर पाहून ठरवत होती. मी मात्र ४ जीबी अडवून बसले होते. एकदा मोठे स्कॅन उघडले तर उरलेले ८ जीबी भरले, विंडोजने सामान डिस्कवर हलवायला सुरुवात केली, आणि माझी रॅम डिस्क बाजूला अर्धी रिकामी.

डॉसला असली कॅश जवळजवळ नव्हतीच; मोजके बफर असायचे. म्हणून तेव्हा रॅम डिस्क हे वरदान होतं. चाळीस वर्षांपूर्वीची अचूक युक्ती मी आजच्या यंत्रावर वापरत होते, ज्याने ती केव्हाच आत्मसात केली होती.

मग वाटलं, सुरुवातीचे ते तेरा सेकंद तरी वाचवावेत. रॅम डिस्कची सगळी सामग्री एका फाइलमध्ये ठेवून दर वेळी सुरू होताना ती परत रॅममध्ये भरता येते. केलं. पण ४ जीबीची फाइल ९० एमबीच्या वेगाने वाचायला पंचेचाळीस सेकंद लागतात, हा गुणाकार-भागाकार मी नंतर केला. तेरा सेकंद वाचवायला पंचेचाळीस मोजत होते, तेही दररोज.

विंडोजचं तात्पुरत्या फाइलींचं टेम्प फोल्डर पाटीवर हलवणं हा सल्ला सगळेच देतात. मीही हलवलं. दोन आठवडे बरं चाललं. मग एका प्रोग्रॅमच्या अपडेटने स्वतःच्या फाइली टेम्पमध्ये उघडून ठेवल्या, ‘आता संगणक पुन्हा सुरू करा’ म्हणाला, आणि परत सुरू झाल्यावर त्या फाइली शोधत बसला. त्या कुठून सापडणार? आणखी एकदा काही कारणाने रॅम डिस्क तयारच झाली नाही, पी हे अक्षरच नव्हतं, आणि टेम्प फोल्डर सापडत नाही म्हणून एकामागून एक प्रोग्रॅम कुरकुरायला लागले. मी टेम्प मुकाट्याने परत जागेवर नेलं.

राहिला डेटाबेस. इथे मात्र चमत्कार झाला.

एका पानावर साधारण चारशे शब्द. हार्ड डिस्कवर एका पानाचे शब्द भरायला अर्धं मिनिट लागत होतं. सहा हजार पानांचे पन्नास तास. तीच डेटाबेसची फाइल पाटीवर ठेवली, तर पान डोळ्याची पापणी लवेपर्यंत भरून मोकळं. इथे यंत्राची स्वतःची कॅश का कामी आली नव्हती, आणि माझी पाटी का आली? तेव्हा मला हा प्रश्न पडला नाही. पडायला हवा होता. मी आनंदाने सगळं काम तिथे हलवलं, आणि लॅपटॉप बंद होताना फाइल हार्ड डिस्कवर उतरवणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली.

लॅपटॉपची बॅटरी फुगली होती म्हणून मी ती त्याच आठवड्यात काढून टाकली होती. चार्जरच्या वायरीवर यंत्र चालत होतं. दुपारी एक ते साडेपाच मी ओसीआरच्या चुका हाताने सुधारत होते. ‘घ’ चा ‘ध’, ‘रव’ चा ‘ख’, जुन्या खिळ्यांच्या छपाईत तुटलेल्या काना-मात्रा. हे काम यंत्राकडून होत नाही, डोळे लावूनच करावं लागतं. खुर्ची मागे सरकवली, पाय वायरीत अडकला.

पडदा काळा. आवाज नाही, इशारा नाही, काही नाही.

बंद होताना चालणारी स्क्रिप्ट ही बंद करण्याची आज्ञा मिळाली तर चालते. वीज गेली तर तिला कोण बोलावणार? लॅपटॉप सुरू केला, पी ड्राइव्ह उघडला. कोरा करकरीत. रॅममधली प्रत्येक बिट ही इवल्याशा कपॅसिटरवर साठवलेला विजेचा थेंब असते. रॉबर्ट डेनार्ड यांनी आयबीएममध्ये ही रचना शोधली, १९६८ मध्ये तिला पेटंट मिळालं. तो थेंब इतका गळका असतो की चालू यंत्रातही सेकंदाला कित्येक वेळा पुन्हा भरावा लागतो. भरणारी वीजच गेली की संपलं. हे मला माहीत होतं. मीच तर तिला पाटी म्हणत होते.

भाच्याला फोन केला. त्याने सांगितलं की हा धोका ओळखून गिगाबाइट कंपनीने २००५ मध्ये आय-रॅम नावाचं एक कार्ड काढलं होतं: त्यावर रॅमच्या चार पट्ट्या, आणि वीज गेली तर काही तास त्या जिवंत ठेवायला बॅटरी. मावशीसाठी आता ते कुठून आणू, असं त्यावर. मग जरा थांबून त्याने तो प्रश्न विचारला जो मी स्वतःला विचारला नव्हता. “तू एकेक शब्द वेगळा कमिट करतेस का गं?”

करत होते. कमिट म्हणजे नोंदींचा एक व्यवहार पक्का करणं, आणि एसक्यूलाइटला प्रत्येक व्यवहार पुरा झाला म्हणायच्या आधी तो खरोखर डिस्कवर उमटल्याची खात्री करावी लागते. त्यासाठी ते ऑपरेटिंग सिस्टिमला बजावतं, कॅशमध्ये ठेवून ‘झालं’ म्हणू नकोस, वहीत लिही आणि मग सांग. म्हणूनच यंत्राची हुशार कॅश इथे निरुपयोगी होती. तिला मुद्दाम बाजूला सारलं जात होतं. मिनिटाला ५४०० फेऱ्या म्हणजे एक फेरी ११.१ मिलिसेकंदांची. एका व्यवहारात वहीत दोन-तीनदा लिहावं लागतं, आणि दर वेळी ती जागा फिरून डिस्कच्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या मुंडीखाली येण्याची वाट पाहावी लागते. सेकंदाला पंधरा-वीस व्यवहार झाले तरी पुष्कळ. एसक्यूलाइटच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे की साध्या संगणकावर सेकंदाला पन्नास हजार नोंदी सहज होतात, पण व्यवहार मात्र काही डझनच. मी चारशे शब्दांचे चारशे व्यवहार करत होते. पाटीवर ते झटपट होत होते, कारण तिथे ‘वहीत उमटलं का’ या प्रश्नाला काही अर्थच नव्हता. वेग मिळत होता तो नेमका सुरक्षिततेच्या जागेवरून काढून घेतलेला होता.

स्क्रिप्टमध्ये पानाच्या सुरुवातीला एक ‘बिगिन’ आणि शेवटी एक ‘कमिट’ घातला. दोन ओळी. जुन्या, रडक्या, खरखरणाऱ्या हार्ड डिस्कवर एक पान एका सेकंदाच्या आत भरलं. पाटीची गरजच नव्हती.

त्या रात्री मी पहिल्या दिवसाच्या त्या दोन आकड्यांचा हिशेब मांडला. मुंडी योग्य वर्तुळावर न्यायला लॅपटॉपच्या डिस्कला साधारण १२ मिलिसेकंद लागतात. मग हवा तो तुकडा फिरत खाली यायला सरासरी अर्धी फेरी, ५.६ मिलिसेकंद. एका तुकड्यामागे साडेसतरा. म्हणजे सेकंदाला जेमतेम ५७ तुकडे, आणि तुकडा ४ केबीचा असेल तर सेकंदाला सव्वादोनशे केबी. डिस्क शंभर टक्के कामात होती, फक्त वाचण्यापेक्षा धावण्यात. रॅममधून तोच तुकडा गाठायला एक दशलक्षांश सेकंदाचा दहावा भाग लागतो. रॅमला एक सेकंद लागला असं धरलं तर त्याच मापाने हार्ड डिस्कला दोन दिवस. सुरू होतानाचे ते चार मिनिटं म्हणजे हजारो बारीक फाइलींमागची ही धावाधाव होती, आणि त्या वेळी पाटी तर कोरीच असते. सुरू होण्याच्या वेळेवर रॅमचा कुठलाही उपाय लागू पडणार नव्हता. तिथे वहीच बदलायला हवी होती.

एसएसडी घ्यायला मी इतकी का टाळाटाळ केली, याचं उत्तर लाजिरवाणं आहे. फ्लॅश, म्हणजे एसएसडीतली मेमरी, झिजते असं ऐकलं होतं. झिजतेही. फुजिओ मासुओका यांनी तोशिबात ऐंशीच्या दशकात शोधलेल्या या मेमरीत पानापानाने लिहिता येतं, पण पुसायचं तर अनेक पानांचा अख्खा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा क्षणात सगळा पुसला जातो म्हणून ‘फ्लॅश’. आणि प्रत्येक गठ्ठा मोजक्या वेळाच पुसता येतो. पण झिजते म्हणजे किती? मी निवडलेल्या एसएसडीच्या कागदावर लिहिण्याची हमी १५० टीबीची होती. माझं सगळं स्कॅनिंग धरून दिवसाला २० जीबी लिहिलं तर साडेसात हजार दिवस, वीस वर्षं. वीस वर्षांनी डोळ्यांनी ‘घ’ आणि ‘ध’ ओळखू आला तरी पुष्कळ.

जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या एसएसडीवर उतरवावी असा बेत होता. ५०० जीबीची डिस्क, २५० जीबीची एसएसडी, म्हणून आधी पार्टिशन लहान करायला गेले. विंडोज म्हणे, इतकं लहान होणार नाही, मध्ये न हलणाऱ्या फाइली आहेत. हायबरनेशनची फाइल, पेज फाइल. त्या तात्पुरत्या बंद केल्यावर झालं. मग प्रत काढताना ६० टक्क्यांवर अडकलं. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे पाहिले तर वाचता न आलेले, निकालाची वाट पाहणारे ३२ सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. डिस्क नुसती हळू नव्हती, आजारी होती. कुठल्याशा सेक्टरवर ती परत परत प्रयत्न करत अडत होती आणि मी त्यावर पेन ड्राइव्ह लावत बसले होते. हे आकडे मी पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते; पाहायला एक मिनिट लागतं.

नाद सोडला. महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून घेतल्या, एसएसडी जागेवर बसवली, कोरी विंडोज घातली. लायसन्सची काळजी करावी लागली नाही, कारण विंडोज १० ची नोंद मदरबोर्डाशी बांधलेली असते, डिस्कशी नाही. सगळं मिळून एक संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि सवयीने उठून खिडकीशी गेले. परत वळले तर पडदा तयार होता. पंचवीस सेकंद. आता बाकीचं सगळं तोच लॅपटॉप, तोच मंद प्रोसेसर. सहज म्हणून पेन ड्राइव्ह लावून रेडीबूस्टचं पान उघडलं, तर विंडोजने सांगितलं की हा संगणक पुरेसा वेगवान आहे, याचा तुम्हाला काही फायदा होणार नाही. त्याच पेन ड्राइव्हला आधी पास करणारी हीच ती विंडोज.

रॅम डिस्क मी पूर्ण सोडली नाही. ओसीआरच्या कामासाठी एसएसडीवरच एका बाजूला लिनक्स घातलंय, आणि तिथे टीएमपीएफएस नावाची व्यवस्था आयतीच असते. माउंटच्या एका आज्ञेत कमाल आकार सांगायचा. न सांगितल्यास ती रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू शकते. इमडिस्कपेक्षा ही मला आवडते, कारण जागा अडवून बसत नाही, जेवढ्या फाइली तेवढीच रॅम घेते. फारच ताण आला तर तिच्यातल्या फाइली स्वॅपमध्ये, म्हणजे परत वहीत जातात, आणि वेगाची गंमत संपते. म्हणून मी कमाल ३ जीबीवर ठेवली आहे. एका पानामागे ओसीआरच्या मधल्या टप्प्यांत सात-आठ चित्रं तयार होतात: सरळ केलेलं, डाग काढलेलं, काळं-पांढरं केलेलं. ती दहा सेकंद जगतात आणि फेकून दिली जातात. त्यांची जागा पाटीवरच. मूळ स्कॅन, डेटाबेस आणि हाताने केलेली एकही दुरुस्ती तिथे जात नाही.

वेगात फरक किती? एसएसडीच्या तुलनेत शंभर पानांमागे काही सेकंद. खरं सांगायचं तर नसती तरी चाललं असतं.

मागच्या आठवड्यात काम चालू असताना लाइट गेली. बॅटरी अजून घेतलेली नाही, त्यामुळे पडदा तसाच काळा झाला. लाइट आल्यावर सुरू केलं, पाटीचं फोल्डर पाहिलं, कोरं. डेटाबेसमध्ये शेवटचं पूर्ण झालेलं पान ४,२१८ होतं. स्क्रिप्टला ४,२१९ पासून सुरू कर सांगितलं आणि भाच्याला फोन लावला, त्याला बॅटरीचा नंबर विचारायला.